सत्तर सॅक आणि एक पिवळा रकाना : माझा अनुभव

मी ओहायोत, सिनसिनाटीजवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. आमच्या विभागातील आठ जण दरवर्षी मार्चमध्ये एक उद्योग करतात. सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाची पुढच्या मोसमासाठी डागडुजी कशी करावी, याचा आराखडा प्रत्येकाने एका ठरलेल्या तक्त्यात भरून द्यायचा असतो. करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंशी संघांची बोलणी सुरू होण्याच्या आदल्या रात्री मुदत संपते, आणि ज्याचा आराखडा प्रत्यक्षात घडलेल्याच्या सर्वांत जवळ जातो त्याला बाकीचे सात जण जेवण घालतात. २०२२ साली विषय शोधावा लागला नाही, कारण तो गावातल्या न्हाव्यालाही पाठ होता: ऑफेन्सिव्ह लाइन सुधारा आणि संघाचा क्वार्टरबॅक जो बरो याला जिवंत ठेवा. हे काम आठवड्याभरात उरकेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात चार आठवडे लागले आणि त्यांतील साडेतीन एकाच रकान्यापायी गेले. तो राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅक हा चेंडू फेकणारा सूत्रधार असतो. त्याच्यापुढे मधोमध सेंटर, सेंटरच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि टोकांना टॅकल, असे साधारण एकशे चाळीस किलोंचे पाच जण उभे असतात. हीच ऑफेन्सिव्ह लाइन. समोरून धावून येणाऱ्यांना त्यांनी अडीच-तीन सेकंद थोपवले, तर चेंडू सुटतो. नाही थोपवले, तर क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा होतो आणि त्याला सॅक म्हणतात. सांगलीला बाबांना मी व्हिडिओ कॉलवर हे समजावत होतो, तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे हे पाच जण चेंडूला हातच लावत नाहीत?" मी म्हटले, "सेंटर तेवढा लावतो, बाबा. तो पायांमधून चेंडू मागे देतो आणि पुढे सुरू होते ती निव्वळ रेटारेटी." बाबा तरुणपणी कबड्डी खेळत. ते म्हणाले, "अरे, मग ही साखळीच की. एकाने हात सोडला की चढाईवाला निसटला, आणि शिव्या मात्र शेवटी ज्याच्या हातून निसटला त्याला." त्यांचे हे वाक्य त्या वेळी मी कानाआड केले. ते तेव्हाच कागदावर उतरवून ठेवायला हवे होते.

बेंगल्सने २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, पहिल्याच क्रमांकावर बरोला घेतले, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. पुढच्या एप्रिलमध्ये पाचव्या क्रमांकावर निवड करताना संघापुढे पेनेई सेवेल हा टॅकल होता आणि जमार चेस हा चेंडू झेलणारा रिसीव्हर होता. संघाने चेसला घेतले आणि सेवेल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. त्या रात्री मी सेवेलच्या बाजूने बराच आरडाओरडा केला होता आणि ऑक्टोबर येईपर्यंत चेसचा खेळ पाहून मान खाली घातली होती. मात्र दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच वेळी खरे ठरावे असा तो विचित्र मोसम होता. संघ थेट सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, आणि साखळी सामन्यांत बरो ५१ वेळा सॅक झाला, जो त्या वर्षीचा लीगमधील सर्वाधिक आकडा होता. बाद फेरीत आणखी १९ सॅक झाले. टेनेसीविरुद्ध तर नऊ सॅक होऊनही संघ १९-१६ असा जिंकला. १३ फेब्रुवारी २०२२ रोजी सुपर बोलमध्ये सात सॅक झाले, आणि शेवटच्या खेळीत आरन डोनाल्डने बरोला गरकन फिरवले तेव्हा चेंडू कसाबसा हातातून सुटून जमिनीवर पडला. लॉस एंजेलिस रॅम्स २३-२० असे जिंकले. एकूण सत्तर सॅक झाले, म्हणजे माझ्या तक्त्यात सत्तर ओळी आल्या.

तक्त्याचे तीन भाग होते. खर्चाचा भाग एका रविवारी दुपारी संपला. त्या वर्षीची सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या पगारावरील कमाल मर्यादा, प्रत्येक संघासाठी २०.८२ कोटी डॉलर होती आणि बेंगल्सकडे पुरेशी मोकळी रक्कम होती, त्यामुळे त्यात डोके फोडण्यासारखे काही नव्हते. नव्या पाच जणांची यादी करण्याचा भागही एका संध्याकाळी झाला. पहिल्या भागाने मात्र माझा घास घेतला. त्यात प्रत्येक सॅकपुढे दिनांक, प्रतिस्पर्धी, कारण आणि ‘जबाबदार कोण’ असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात टंकायला परवानगी नव्हती. खाली उघडणाऱ्या यादीत डावा टॅकल, डावा गार्ड, सेंटर, उजवा गार्ड आणि उजवा टॅकल असे पाचच पर्याय होते आणि त्यांतून एकच निवडायचा होता.

पहिल्या वीसेक ओळी मी उत्साहाने भरल्या. टीव्हीवरचे चित्रण पाहायचे, बरोवर झेपावणाऱ्या माणसापुढे जो उभा होता त्याचे नाव टाकायचे, पुढची ओळ. नंतर वर्गणी भरून प्रशिक्षक पाहतात तसले, मैदानावरचे बावीसही खेळाडू दिसणारे चित्रण मिळवले, आणि भरलेल्या ओळींपैकी निम्म्या पुसाव्या लागल्या. येथेच एक सूचना करतो, जी खरे तर सुरुवातीला यायला हवी होती: लाइन पाहायची असेल तर बाजूच्या कॅमेऱ्याचा नाद सोडावा आणि गोलच्या मागून, उंचावरून घेतलेले चित्रण पाहावे. बाजूने पाहिले की पाच माणसे एकमेकांआड जातात आणि नुसता ढीग दिसतो. मागून पाहिले की त्यांच्यातल्या फटी दिसतात, आणि सगळी गोष्ट त्या फटींत असते.

एक खेळी मी इतक्या वेळा पाहिली की घरच्यांनाही ती पाठ झाली. चेंडू सुटतो. उजवा टॅकल मागे सरकत बाहेरच्या माणसाला अंगावर घेतो आणि उजवा गार्ड आतल्या माणसाला भिडतो. पहिल्या सेकंदाला सर्व काही ठीक असते. मग आतला माणूस तिरका बाहेर धावतो, थेट टॅकलच्या बरगडीत शिरतो, आणि बाहेरचा माणूस त्याच्या पाठीमागून वळसा घालून आतल्या मोकळ्या जागेत येतो. या अदलाबदलीला स्टंट म्हणतात. अशा वेळी गार्डने आपला माणूस टॅकलच्या हवाली करून वळसा घालणाऱ्याची वाट पाहायची असते. आमचा गार्ड आपल्या माणसामागे दोन पावले जास्त गेला. तो का गेला, तर टॅकलने आपला माणूस वेळेत सोडला नव्हता आणि दोघांचे खांदे एकमेकांना धडकले. ती फट सेंटरला भरता आली असती, परंतु संरक्षणाची दिशा आधीच डावीकडे ठरलेली असल्याने तो तिकडे सरकला होता. शिवाय बरोच्या हातात चेंडू तीन सेकंदांहून अधिक काळ होता, कारण दूर धावणारा रिसीव्हर मोकळा होण्याची तो वाट पाहत होता. आता एक नाव निवडा.

मी खान्यात दोन नावे बसवण्यासाठी तक्त्याचे कुलूप काढले आणि पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी तक्ता परत आला, एकतीस खाने पिवळे रंगवलेले. हा तक्ता बनवणारे आणि तपासणारे आमचे ज्येष्ठ सहकारी शाळेच्या संघात गार्ड होते, आणि त्यांचे म्हणणे एका ओळीचे होते: एका खान्यात एकच नाव. मी दुसऱ्यांदा भरला आणि जेथे बरोने चेंडू फार वेळ धरून ठेवला होता तेथे ‘क्वार्टरबॅक’ लिहिले. परत आला, कारण क्वार्टरबॅक यादीत नव्हता. तिसऱ्यांदा मी ‘कारण’ या रकान्यात प्रत्येक खेळीचा अर्धा पानभर वृत्तान्त लिहिला. परत आला, कारण खान्यात शंभरच अक्षरे मावत होती. गंमत अशी की गुणवत्ता विभागात आम्हीच इतरांना बजावत असतो की सदोष मालाचे कारण म्हणून ‘कामगाराची चूक’ एवढे लिहून फॉर्म मिटवू नका, त्यामागचे यंत्र पाहा, साचा पाहा, आधीची पाळी पाहा. मी हे त्या गृहस्थांना जेवणाच्या सुट्टीत ऐकवले. त्यांनी सँडविच शांतपणे संपवले आणि म्हणाले, "कारखान्यात सुटा भाग परत पाठवता येतो. इथे कोणाला काढायचे ते ठरवायचे असते, आणि काढताना एकच माणूस काढतात." त्यांचे म्हणणे मला तेव्हा पटले नाही, आजही पूर्ण पटलेले नाही, मात्र मुदतीला पाच दिवस उरले होते.

शेवटी मी शरण गेलो. प्रत्येक खेळीत साखळी सर्वांत आधी कोठे सुटली, एवढेच पाहायचे ठरवले. झेपावलेला माणूस कोणाच्या हातून सुटला हे पाहायचे नाही. हे मला पहिल्याच दिवशी सुचले असते तर तीन आठवडे वाचले असते, आणि सांगलीहून ते मला फुकट सांगितलेही गेले होते. या पद्धतीने सत्तर ओळी तीन रात्रींत भरल्या. मोजणी केल्यावर माझ्या तक्त्यात उजवी बाजू आणि मधली जागा सर्वांत खिळखिळी निघाली, आणि डावा टॅकल जोना विल्यम्स त्याच्याबद्दल होणाऱ्या कुरकुरीपेक्षा बराच बरा निघाला. मी बाहेरून एक सेंटर, एक उजवा गार्ड आणि ड्राफ्टमधून एक डावा गार्ड घ्यावा असे लिहिले. उजव्या टॅकलला हात लावला नाही, कारण तोवर माझी हिंमत संपली होती. १३ मार्चच्या रात्री साडेअकराला तक्ता गेला आणि परत आला नाही. इतका हलका मी पदवीच्या निकालानंतरही झोपलो नव्हतो.

त्यानंतरच्या आठवड्यात संघाने टँपा बेचा गार्ड अलेक्स कॅपा, न्यू इंग्लंडचा सेंटर टेड कॅरस आणि डॅलसने सोडलेला टॅकल लाएल कॉलिन्स यांना घेतले, आणि ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत नॉर्थ डकोटा स्टेटचा कॉर्डेल वॉल्सन घेऊन त्याला पुढे डाव्या गार्डच्या जागी उभे केले. पाचांपैकी चार माणसे नवी झाली. माझ्या तीन जागा बरोबर आल्या आणि मी मधल्या काळात कार्यालयात जरा छाती काढूनच हिंडत होतो.

मग ११ सप्टेंबर उजाडला. घरच्या मैदानावर पिट्सबर्गविरुद्ध, नवी कोरी लाइन, आणि सात सॅक. बरोने पाच वेळा चेंडू विरुद्ध संघाच्या हातात दिला तो वेगळाच, आणि सामना जादा वेळेत २३-२० असा हातचा गेला. पुढच्या आठवड्यात डॅलसला आणखी सहा सॅक झाले. दोन सामन्यांत तेरा! माझ्या टेबलावर कोणीतरी पिवळ्या रंगाचा कोरा कागद ठेवून गेले. हे घडण्यामागची कारणे साधी होती. जुलैअखेर बरोच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती, सराव सामन्यांत तो खेळला नव्हता, आणि चार नव्या माणसांना एकमेकांच्या खांद्याची सवय लागायची होती. टॅकल माणूस कधी सोडतो आणि गार्ड तो कधी उचलतो, ही वेळ पैशांनी विकत मिळत नाही. म्हणून दुसरी सूचना: लाइन बदलली असेल तर पहिल्या चार सामन्यांचे आकडे पाहून कोणालाही शिव्या देऊ नयेत, आणि कार्यालयात छाती तर मुळीच काढू नये. ऑक्टोबरपासून सॅक कमी होत गेले आणि बरोचा साखळी सामन्यांतला आकडा ४१ वर थांबला. त्यात त्याचाही वाटा होता, कारण तो चेंडू लवकर सोडू लागला होता. ही गोष्ट माझ्या दुसऱ्या तक्त्यात होती आणि पिवळी झाली होती.

बदली खेळाडूंसाठी तक्त्यात एकही ओळ नव्हती, हे मला फार उशिरा जाणवले. वर्षाच्या शेवटी कॉलिन्सचा गुडघा गेला, नंतर कॅपाचा घोटा आणि बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात विल्यम्सचा गुडघा. बफेलोच्या बर्फात संघ तीन बदली माणसे घेऊन उतरला आणि २७-१० असा जिंकला. पुढच्याच आठवड्यात कॅन्सस सिटीत त्याच लाइनच्या मागे बरो पाच वेळा आडवा झाला आणि २३-२० ने सर्व संपले. मी जेवणाच्या पैजेत तिसरा आलो.

२०२३ च्या मार्चमध्ये संघाने डाव्या टॅकलसाठी ऑर्लँडो ब्राउनशी चार वर्षांचा ६.४ कोटी डॉलरचा करार केला आणि आमच्या पैजेचा तक्ताही नव्या रूपात आला. ‘जबाबदार कोण’ तसाच होता, मात्र खाली उघडणाऱ्या यादीत, माझ्या वर्षभराच्या तक्रारींनंतर, ‘इतर’ असा सहावा पर्याय दिसला. मी तो अकरा ठिकाणी निवडला. दुसऱ्या दिवशी तक्ता परत आला. अकराही खाने पिवळे होते आणि पहिल्याशेजारी लिहिले होते, "इतर म्हणजे कोण?"