तेच ते पंधरा चेहरे

धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) प्रौढांच्या धर्मशिक्षणासाठी आठ आठवड्यांची व्याख्यानमाला जाहीर होते. पहिल्या दिवशी सभागृह भरतं, तिसऱ्या आठवड्याला निम्मं रिकामं होतं आणि शेवटी उरतात तेच ते पंधरा जण, ज्यांना या वर्गाची गरज मुळात सगळ्यात कमी. मग धर्मग्राम समितीच्या बैठकीत निष्कर्ष निघतो की लोकांना रस नाही. पण बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला, लग्नाची कागदपत्रं द्यायला, गेलेल्या माणसासाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) सांगायला लोक येतातच. फक्त आपण ठरवलेल्या वारी येत नाहीत.

ख्रिस्तसभेच्या (कॅथोलिक चर्चच्या) १९७१ सालच्या धर्मशिक्षण निर्देशिकेने प्रौढांचं शिक्षण हेच धर्मशिक्षणाचं मुख्य रूप मानलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली तेच पुन्हा सांगितलं. प्रत्यक्षात पुस्तकं, शिक्षक, खोल्या आणि पैसा मुलांकडे जातो, आणि दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार, हा निरोपसमारंभ ठरतो. मुलांचं कमी करा असं म्हणणं नाही, पण घरी आईबाप गप्प असतील तर रविवारच्या एका तासाला फार मर्यादा पडतात.

हात घालायचा तर आधी बाप्तिस्म्याच्या तयारीला घालावा. आईवडील आणि धर्ममाता-धर्मपिता यांना संस्काराचा अर्थ नीट समजावावा, असं ख्रिस्तसभेचा कायदा (कलम ८५१) सांगतोच. बहुतेक ठिकाणी त्याचं रूपांतर एका भाषणात आणि फॉर्मवरच्या सहीत होतं. त्याऐवजी एकेका तासाच्या दोन बैठका घ्या आणि पाठ्यपुस्तक म्हणून विधीचीच संहिता वापरा. पहिल्या बैठकीत ती सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायची. ‘ख्रिस्तसभेकडे तुम्ही काय मागता?’ हा प्रश्न आला की थांबायचं. बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चच्या दाराशी हाच प्रश्न विचारला जाणार आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेकांनी पाठ केलेलं असतं, विचार करून ठरवलेलं नसतं. दुसऱ्या बैठकीत सैतानाचा त्याग, मतांगीकाराचे (श्रद्धा जाहीर करण्याचे) तीन प्रश्न, तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. आपण तोंडाने जे बोलणार आहोत ते आपल्याला पटतं का, हे प्रौढ माणसाला तिथे पहिल्यांदा स्वतःला विचारावं लागतं. नियमित मिस्साला न येणारे पालक सुरुवातीला अंग चोरून बसतात. पहिल्या दहा मिनिटांत ‘तुम्ही का येत नाही’ हा सूर लागला तर पुढचा तास वाया गेला समजा.

तिसरी बैठक संस्कारानंतर चार ते सहा आठवड्यांनी घ्यायची, आणि तीच सगळीकडे गळते. चौथ्या शतकातल्या जेरुसलेममध्ये नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना संस्कारांचं सविस्तर विवेचन ईस्टरनंतरच्या आठवड्यात ऐकवत: आधी अनुभव, मग अर्थ. १९७२ साली आलेल्या प्रौढ-दीक्षा विधीतही संस्कारानंतरचा हा टप्पा ठेवलेला आहे. या बैठकीत एकच प्रश्न पुरतो: त्या दिवसातलं काय आठवतं? कोणी पाणी सांगेल, कोणी मेणबत्ती. तिथूनच बोलायला लागायचं.

नियमित वर्गासाठी वेगळा अभ्यासक्रम रचत बसू नये. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात येतात, पहिल्या वर्षी प्रामुख्याने मत्तयचं शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्कचं, तिसऱ्या वर्षी लूकचं. येत्या रविवारचं शुभवर्तमान आधीच्या आठवड्यात घेतलं की प्रवचनही वेगळ्या कानांनी ऐकलं जातं. वेळ पंचाहत्तर मिनिटं. प्रार्थना आणि दोन वेगळ्या आवाजांत वाचन, दहा मिनिटं. मांडणी पंधरा मिनिटं. गटचर्चा तीस, शंका पंधरा, समारोपाची प्रार्थना पाच. मांडणीची पंधरा मिनिटं घड्याळ लावून पाळा. वक्ता धर्मगुरू असेल तर जास्तच कडकपणे, कारण त्यांना थांबवायला कोणी धजावत नाही.

गट सहा जणांचा. आठ झाले की दोघंजण गप्प बसतात आणि तीन आठवड्यांनी येईनासे होतात. प्रत्येक गटाला एक सूत्रधार हवा, आणि त्याचं काम उत्तरं देणं नाही. म्हणूनच निवृत्त शिक्षक या कामाला चालतीलच असं नाही! शब्दांकित प्रश्न आदल्या दिवशी त्याच्या हातात द्या. ‘येशूने कोणाला बरं केलं?’ याचं उत्तर एका शब्दात संपतं. ‘या गर्दीत तुम्ही कुठे उभे असता?’ याचं संपत नाही. एकच जण बोलत राहिला तर त्याला तोडायचं नाही. एक पूर्ण फेरी ठेवायची: प्रत्येकी एक मिनिट, पास म्हणायची मुभा.

मात्र नुसत्या अनुभवकथनावर वर्ग चालवला की वर्षभराने विश्वास म्हणजे ज्याचं-त्याचं मत होऊन बसतं. शंका चिठ्ठीवर नावाशिवाय घ्या आणि आधार दाखवून उत्तर द्या. १९९२ चा ‘कॅटेकिझम’, म्हणजे कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ, २८६५ परिच्छेदांचा आहे, तो कोणाच्या हाती आयता देऊ नये. २००५ ची त्याची प्रश्नोत्तरी ५९८ प्रश्नांची आहे आणि चिठ्ठ्यांतल्या बऱ्याच शंकांना पुरते. लगेच उत्तर येत नसेल तर पुढच्या आठवड्याचा वायदा करा आणि पाळा. घाईत ठोकून दिलेलं उत्तर लोकांच्या चांगलं लक्षात राहतं, दुर्दैवाने.

मुलांना सांभाळायला शेजारची खोली आणि दोन माणसं हवीत, नाहीतर तरुण आईबाप येणारच नाहीत. वाचनाची प्रत मोठ्या अक्षरात छापा. आणि साठ खुर्च्यांच्या रांगा लावू नका: चार टेबलं मांडा, पाचवं भिंतीला टेकवून ठेवा, लागलं तर आणायला.