क्षेपणास्त्र म्हणजे रॉकेटच ना?

मी मुद्रितशोधनाचं काम करते. युद्धाच्या बातम्या आल्या की ओळखीतलं कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी शब्द फोडू. क्षेपण अधिक अस्त्र. दोन अ जवळ आले की आ होतो, म्हणून 'णा'. 'क्षेपणस्त्र' आणि 'क्षेपनास्त्र' ही दोन्ही रूपं माझ्या लाल पेनाखालून रोज जातात. क्षेपण म्हणजे फेकणं. आक्षेप, हस्तक्षेप, सामन्याचं थेट प्रक्षेपण, सगळे त्याच 'क्षिप्' धातूचे. गंमत पुढे आहे. 'अस्त्र' ज्या संस्कृत धातूपासून आलं, त्या 'अस्'चा अर्थही फेकणंच. हातात धरून वार करायचं ते शस्त्र, फेकून मारायचं ते अस्त्र. म्हणजे या एका शब्दात फेकणं दोनदा आलंय, पण नेम धरून नेणं एकदाही नाही. तो अर्थ वापराने चिकटला.

आणि फरक नेमका तिथेच आहे. दिवाळीत बाटलीत उभा करून पेटवलेला बाण एकदा सुटला की सुटला. वाऱ्याने वळला तर शेजारच्यांच्या गच्चीत. रॉकेट, म्हणजे अग्निबाण, हे पुढे ढकलण्याचं तंत्र. क्षेपणास्त्रातही बहुधा तेच असतं, पण सुटल्यावर ते आपली दिशा तपासतं, पंख वळवून चूक सुधारतं. 1983 साली सुरू झालेल्या भारताच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमातली पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश आणि नाग ही या जातीची.

सीमारेषा मात्र पुसट होतेय. पुण्यात पाषाणच्या संशोधन संस्थेने घडवलेलं पिनाका मुळात साधं रॉकेट. आता त्याची दिशा नियंत्रित करता येणारी आवृत्तीही आहे, तरी नाव रॉकेटच राहिलं.

'मिसाइल' लिहायला माझी हरकत नाही. तेही लॅटिनमधल्या 'पाठवणे', 'फेकणे' यांवरूनच आलंय. पण क्षेपणास्त्र हा शब्द आपल्या जिभेवर पक्का बसलाय, तो कशाला सोडायचा?

क्रियापदाबद्दल मात्र मी हट्टी आहे. बंगालच्या उपसागरावर सराव झाला तर 'चाचणी घेतली' असंच छापायचं. 'डागलं' हे क्रियापद, समोर खरोखर कुणाचं तरी गाव असेल त्या दिवसासाठी.