बोगोतातील सहा आठवडे : एकटीचा मुक्काम

पहिल्या दिवशी भाड्याच्या खोलीचे दोन जिने चढताना मला तीन वेळा थांबावे लागले. कोलंबियाची ही राजधानी सुमारे २६४० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जवळपास हजार मीटर वर वसलेली आहे. त्यामुळे पहिले तीन दिवस कोणताही बेत आखू नये, आणि ३१५२ मीटर उंचीच्या मोन्सेराते डोंगराची पायवाट तर दुसऱ्या आठवड्यावर ढकलावी. विषुववृत्ताजवळचे शहर म्हणून सुती कपडेच नेण्याची चूक मी केली. रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, घरांत हीटर सहसा नसतो आणि दुपारच्या लख्ख उन्हात छत्रीही जवळ ठेवावी लागते.

बहुतेक पर्यटक ला कांदेलारिया या जुन्या वस्तीत उतरतात. सोन्याचे संग्रहालय आणि चित्रकार बोतेरोच्या नावाचे बोतेरो संग्रहालय तेथून पायी गाठता येते हे खरे, पण अंधार पडला की तिथल्या गल्ल्या ओस पडतात. दीर्घ मुक्कामासाठी मी तेउसाकियो हा भाग निवडला आणि तो मला मानवला. शहरात वाट चुकणे तसे अवघड आहे, कारण डोंगर कायम पूर्वेला दिसतात. ‘काये’ म्हणजे डोंगराकडे जाणारे रस्ते व ‘कार्रेरा’ म्हणजे डोंगराला समांतर रस्ते, हे एकदा ध्यानात आले की पत्त्यातील आकड्यांवरूनच घर सापडते.

मी मात्र सवयीने फोनवर नकाशा पाहत चालत होते. कोपऱ्यावर फळे विकणाऱ्या एका आजींनी माझा हात हलकेच खाली दाबला आणि म्हणाल्या, ‘‘नो दे पापाया, सुमेर्से.’’ शब्दशः, ‘पपई देऊ नका’. म्हणजे चोराला आयती संधी देऊ नका. ‘सुमेर्से’ हे त्या डोंगराळ भागातील जुन्या वळणाचे आदरार्थी संबोधन, आपल्या ‘अहो’पेक्षाही अधिक अदबीचे आणि तरीही मायेचे. फोन खिशात गेला आणि मी त्यांच्याकडून अर्धा किलो उचुवा घेतल्या. पातळ कागदी आवरणातली ती फळे म्हणजे आपल्या रसभरीच. त्यानंतर नकाशा पाहायचा झाला की मी दुकानात शिरत असे.

शाकाहारींनी एक गोष्ट पाठ करावी. तिथे ‘कार्ने’ म्हणजे बहुधा गोमांस समजले जाते, त्यामुळे ‘सिन कार्ने’ (मांसाविना) एवढेच सांगितल्यास ताटात निःशंकपणे कोंबडी येते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस, कोंबडी, मासे यांविना) असे पूर्ण सांगावे आणि सूप कशाच्या पाण्यात शिजवले आहे तेही विचारावे. पानेला म्हणजे चक्क गूळ असतो. तो गरम पाण्यात विरघळवून लिंबू पिळलेले आग्वापानेला थंडीच्या संध्याकाळी मी रोज प्यायले. चीजचा तुकडा पेल्यात बुडवून खाण्याची तिथली पद्धत मात्र मला शेवटपर्यंत जमली नाही.

रविवार शहराबाहेरच्या सहलीत घालवू नये. १९७४ पासून चालत आलेल्या सिक्लोव्हिया उपक्रमात सकाळी सात ते दुपारी दोन शंभराहून अधिक किलोमीटरचे मुख्य रस्ते मोटारींना बंद होतात. एरवी ज्या रस्त्यावर बसच्या गर्दीत जीव मेटाकुटीला येतो, तेथे आजोबा, सायकली, कुत्री आणि नारळपाणी विकणारे निवांत फिरतात. मी सहाही रविवारी चालायला गेले. बोतेरो संग्रहालय विनामूल्य आहे, पण मंगळवारी बंद असते. सोन्याचे संग्रहालय सोमवारी.

घरी फोन करायचा तर साडेदहा तासांचा फरक लक्षात ठेवावा. तिथे रात्रीचे नऊ वाजले की आईचा सकाळी साडेसातचा चहा झालेला असतो. आणि निघण्यापूर्वी पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी. बोगोता उंचावर असल्याने तिथे तो धोका नाही, हे कारण परतीच्या वेळी भारतीय विमानतळावर चालत नाही. कोलंबियातून आलेल्या प्रवाशाकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. मी ती पिवळी पुस्तिका पासपोर्टच्या कव्हरातच ठेवली होती.