एक लिटर लाल तेल

गाडीतल्या तेलांमध्येही मानपान असतो. पहिलं पान इंजिन ऑइलचं. ते कधी बदललं, किती किलोमीटरला बदललं, हे स्टिकरवर लिहून काचेच्या कोपऱ्यात मिरवलं जातं. ब्रेक ऑइलचं नाव निघालं की माणूस गंभीर होतो, कारण तिथे जिवाशी गाठ. गिअर ऑइल निदान सर्व्हिसच्या बिलावर तरी दिसतं. आणि बोनेटच्या एका कोपऱ्यात, स्टेअरिंगचं चित्र असलेल्या टोपीखाली, पाण्याच्या बाटलीत मावेल एवढं, स्टेअरिंग हाताला हलकं करणारं पॉवर स्टेअरिंगचं लाल तेल दहा-दहा वर्षं पडून असतं. त्याची कोणी विचारपूस करत नाही. मॅन्युअलमध्येही बहुतेक वेळा ‘तपासा’ एवढंच असतं. ‘बदला’ असं क्वचितच सापडतं.

नव्या गाडीवाल्यांनी इथूनच रजा घ्यायला हरकत नाही. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांचं स्टेअरिंग विजेच्या मोटरवर चालतं, त्यात तेलच नसतं. हे सगळं आहे ते जुन्या इनोव्हा, क्वालिस, बोलेरो आणि पॉवर स्टेअरिंगवाल्या सुमो-इंडिका यांच्यासाठी. यांच्यात इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो, तो त्या टोपीखालच्या डबीतलं तेल ओढून दाबाने स्टेअरिंगच्या रॅकमध्ये (चाकं वळवणाऱ्या आडव्या यंत्रणेत) किंवा स्टेअरिंगच्याच गिअरबॉक्समध्ये पाठवतो आणि काम झालेलं तेल परत डबीत येतं. विकत मिळणाऱ्या मोटारीत ही सोय पहिल्यांदा आली ती अमेरिकेत, १९५१ च्या क्रायसलर इम्पीरियलमध्ये. तत्त्व आजही तेच आहे.

त्यातली खरी गंमत मात्र स्टेअरिंगच्या दांड्याच्या तळाशी असते. तिथे पेन्सिलीएवढी बारीक पोलादी कांडी बसवलेली असते. आपण स्टेअरिंग वळवतो तेव्हा चाकं लगेच वळत नाहीत, आधी ही कांडी काही अंशांनी पिळली जाते. त्या पिळाने तेलाच्या वाटा उघडतात आणि तेल योग्य बाजूने ढकलायला लागतं. चाकं वळली की पीळ सुटतो, वाटा मिटतात, ढकलणं थांबतं. हात जेवढा जोर लावेल त्या मानानेच तेल मदत करतं, हात थांबला की तेही थांबतं. इतका समजूतदार मदतनीस घरात असता तर त्याला दिवाळीला कपडे केले असते. याला आपण दहा वर्षांत एक लिटर तेल देत नाही.

तेल खराब झालं हे ओळखायला यंत्र लागत नाही. टोपी उघडायच्या आधी ती आणि तिच्या आजूबाजूची जागा चिंधीने नीट पुसा. पावसाळ्यातला चिखल तिथे वाळून बसलेला असतो, आणि वाळूचा एक कण पंपाच्या पात्यांना पुरेसा आहे. मग एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका. नवं तेल डाळिंबाच्या रसासारखं पारदर्शक लाल दिसतं आणि एकसारखं पसरतं. म्हातारं तेल काढ्यासारखं तपकिरी असतं. थेंबाच्या मध्यभागी काळा ठिपका तसाच राहिला तर ती झिजलेल्या रबरी पाइपांची आणि धातूची पूड. करपट वास आला तर तेल फार तापून गेलेलं आहे. साधारण ५०-६० हजार किलोमीटरला किंवा चार-पाच वर्षांनी बदलावं असं माझं मत, पण मीटरपेक्षा टिश्यूवर विश्वास जास्त.

आता तेल कोणतं? इनोव्हाच्या मॅन्युअलमध्ये डेक्स्रॉन-२ किंवा ३ दर्जाचं एटीएफ सांगितलंय, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल. बाकीच्या गाड्यांसाठी टोपीवरची अक्षरं आणि मॅन्युअल बघा. होंडा स्वतःचंच तेल मागते, काही युरोपीय गाड्यांत हिरवं तेल असतं, आणि हिरव्या-लालची मिसळ करायची नाही. लाल रंगावरून दर्जा ठरत नाही. तो रंग नुसता ओळखीपुरता, इंजिन ऑइलहून वेगळं कळावं म्हणून घातलेला. सगळ्यात महागात पडणारी चूक ब्रेक ऑइल ओतण्याची. घाईत हातून होते ती. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं. त्याने पॉवर स्टेअरिंगची रबरी सीलं फुगतात, लिबलिबीत होतात. असं झालं तर इंजिन चालू करायचं नाही. चालू केलं की ते पंपातून रॅकपर्यंत पोचतं आणि मग सगळी सीलं बदलायची पाळी येते.

घरी करायची सोपी रीत सिरिंजची. औषधाच्या दुकानात ५० मिलीची सिरिंज मिळते. तिला फिशटँकची हातभर नळी लावा, डबीतलं तेल ओढून बाटलीत सोडा. साधारण ३०० मिली निघतं. तेवढंच नवं तेल भरा, इंजिन चालू करून स्टेअरिंग सावकाश दोन्हीकडे आठ-दहा वेळा फिरवा किंवा दोन-चार दिवस गाडी चालवा, आणि पुन्हा तेच. हिशोब असा : सगळं मिळून एक लिटर तेल धरलं, तर पहिल्या फेरीनंतर जुनं ७० टक्के उरतं, दुसरीनंतर ४९, तिसरीनंतर ३४, चौथीनंतर २४. सहाव्या फेरीला १२ टक्क्यांवर येतं आणि तोवर पावणेदोन-दोन लिटर तेल खर्ची पडलेलं असतं. शंभर टक्के कधीच निघत नाही. पुष्कळांना ते टोचतं. टोचून घेऊ नये. हे काही विरजण नाही की चमचाभर जुन्याने पातेलंभर नवं पालटून जाईल.

एकाच दिवशी उरकायचं असेल तर परतीचा पाइप काढावा लागतो. डबीला दोन रबरी पाइप असतात. जाड असतो तो पंपाकडे जाणारा, बारीक असतो तो परतीचा. पंपातून निघणारा, धातूच्या नटाचा पाइप दाबाचा. फुल लॉकला, म्हणजे स्टेअरिंग पार टोकाला नेल्यावर, त्यात ७०-८० बारपर्यंत दाब चढतो. त्याच्या वाटेला जायचं नाही. पुढची चाकं जॅकने उचलून गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर भिस्त नको, मागच्या चाकांना विटा आणि हँडब्रेक हवाच. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा, बेल्टवर चिंधी टाका. तेल बेल्टवर सांडलं तर पुढे आठवडाभर सकाळी गाडी किंचाळते, आणि तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर सांडलं तर धूर निघतो, कधी पेटही घेतं.

मग डबी सिरिंजने रिकामी करा, पकडीने क्लिप दाबून मागे सरकवा. पाइप ओढू नका, आधी पिळा. वर्षानुवर्षं उष्णतेत भाजलेलं रबर प्लास्टिकच्या नळीला चिकटून बसलेलं असतं. ओढाल तर डबीची नळीच हातात येते, आणि तेलाच्या कामात डबीचा खर्च घुसतो. पाइप सुटला की त्याचं तोंड बाटलीत सोडा आणि डबीची उघडी नळी रबरी बुचाने बंद करा. बूच विसरलात तर ओतलेलं नवं तेल तिथूनच खाली.

इथे दुसरं माणूस लागतं. किल्ली फक्त लॉक सुटेल इतकी फिरवायची, इंजिन बंदच. आत बसलेल्याने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, बाहेरच्याने डबीत नवं तेल ओतत राहायचं. बाटलीत आधी काळं येतं, मग मातकट, मग एकदम लाल. इंजिन चालू करून हेच करणारे असतात. काम झटपट होतं खरं, पण पंप काही सेकंदांत डबी उपसून टाकतो आणि कोरडा फिरतो. त्याचं वंगण म्हणजे हेच तेल. करायचंच असेल तर दोन-तीन सेकंद चालू, लगेच बंद, डबी भरा, पुन्हा. ओतणाऱ्याने ‘बंद’ म्हटल्यावर आतल्याने ‘काय म्हणालात?’ विचारायचं नाही, एवढं आधी ठरवून घ्या.

डबीच्या तळाची जाळी या निमित्ताने टॉर्च मारून बघा. ती गाळाने बुजली असेल तर तेल कितीही नवं असो, पंपाला पुरेसं पोचत नाही. काही डब्यांची जाळी सुटी होत नाही. धुऊन साफ झाली नाही तर डबी बदलणं बरं.

पाइप जोडला, क्लिप जागेवर बसवली, तरी काम संपलेलं नसतं. आत हवा शिरलेली असते. चाकं उचललेलीच ठेवून इंजिन बंद असताना स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वीसेक वेळा फिरवा, डबीत बुडबुडे येत राहतील, पातळी उतरेल तशी भरत जा. ते थांबले की इंजिन चालू करा आणि पुन्हा सावकाश फिरवा. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही. तिथे दाब झडपेवर जातो आणि तेल भराभर तापतं. तेल गुलाबी, दुधाळ, फेसाळ दिसत असेल तर गाडी तासभर सोडून द्या, फेस आपोआप बसतो. हवा गेली का, याची एक परीक्षा टोयोटाच्या दुरुस्ती-पुस्तकात आहे : चालू इंजिनमध्ये पातळी बघा, इंजिन बंद करा, पुन्हा बघा. ती ५ मिमीहून जास्त वर आली तर आत अजून हवा आहे. पातळी भरताना ‘कोल्ड’ आणि ‘हॉट’ या दोन खुणांचा मान ठेवा. थंड तेल ‘हॉट’पर्यंत भरलंत तर तापल्यावर ते टोपीतून बाहेर येतं.

तेल बदलल्याने काय होतं? वळताना लांबून जात्यासारखी येणारी घरघर बऱ्याचदा कमी होते, सकाळचं जडपण जातं. बेल्टची चीं मात्र जात नाही, ती वेगळी. बेल्ट ताणून किंवा बदलूनच जाते. घरघर तशीच राहिली तर जाड पाइप पंपाला जिथे जोडलेला असतो तिथली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बघा. कडक झालेली रिंग तेल बाहेर गळू देत नाही, पण हवा आत घेते, त्यामुळे खाली डाग नसतो आणि माणूस पंपाला दोष देत बसतो. रॅकच्या टोकाचा रबरी बूट दाबून बघा. आत तेल डुचमळत असेल तर रॅकचं सील गेलेलं आहे. त्यावर बाटलीतून मिळणारं ‘लीक बंद’ औषध म्हणजे सीलांना सूज आणणं. चार महिने बरं वाटतं, इतकंच.

काढलेलं तेल गटारात जाऊ देऊ नका. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं. झाकण घट्ट लावून बाटली जवळच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे जुन्या तेलाचं पिंप असतं. रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवा आणि सकाळी ओढून बघा. परतीच्या पाइपच्या बरोबर खाली लाल ठिपका पडला असेल तर क्लिप जुन्या खोबणीत बसलेली नाही. ती अर्ध्या बोटाएवढी पुढे घ्या. नव्या बाटलीत उरलेलं तेल टाकू नका, टोपी पक्की लावून ठेवा आणि बाटलीवर मार्करने तारीख, किलोमीटर आणि ‘स्टेअरिंग’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे कोणी ते ब्रेकच्या डबीत ओतणार नाही.