थुंब्याचं चर्च

तिरुअनंतपुरम, मंगळवार रात्र

सकाळी पद्मनाभस्वामीचं दर्शन आटोपलं आणि बाबांच्या हट्टापायी थुंब्याला गेलो. आईने ‘रॉकेटं बघायला मी कशाला’ म्हणत खोलीवर आराम केला.

इस्रोचं इथलं संग्रहालय सेंट मेरी मॅग्डलीनच्या जुन्या चर्चमध्ये आहे. बाहेरून चर्च ते चर्चच, आत रॉकेटचे आणि उपग्रहांचे नमुने. पण एवढा किनारा पडलेला असताना रॉकेटं सोडायला थुंबाच का निवडलं? पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे चुंबकसुई जिथे अगदी आडवी राहते ती रेषा, या गावाजवळून जातं. त्याच्यावर, साधारण 100 ते 110 किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक प्रवाह वाहतो. तिथवर फुगे पोहोचत नाहीत आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. मोजायचं तर छोटं रॉकेटच हवं, तेही जवळूनच सोडलेलं. मासेमारी करणाऱ्या या वस्तीचं पुढचं सगळं ठरलं ते असं.

विक्रम साराभाई जागा मागायला बिशप पीटर बर्नार्ड परेरांकडे गेले. बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांपुढे विषय ठेवला आणि लोक हो म्हणाले. मग चर्चमध्ये कार्यालय थाटलं, गुरांच्या गोठ्यात प्रयोगशाळा. 21 नोव्हेंबर 1963 ला पहिलं रॉकेट उडालं, अमेरिकेकडून आलेलं नायकी-अपाची.

सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचं टोक बांधलेला तो फोटो प्रत्येकाच्या मोबाइलवर दहादा येऊन गेलेला असतो. मला त्याचा आता कंटाळा आलाय. आपल्याला गरिबीचं कौतुक फार. सायकल होती म्हणून सायकल वापरली, त्यात एवढं काय? पण पिढ्यान् पिढ्या जिथे लग्नं लागली, बारशी झाली, ते देऊळ म्हणा की चर्च, उठून दुसऱ्याला द्यायचं, शिवाय राहती घरं सोडायची, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यांना दुसरीकडे घरं आणि नवं चर्च बांधून मिळालं हे खरं. तरी समुद्रावर पोट असलेल्या माणसाला ‘दुसरीकडे’ म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक.

बाबा मात्र एसएलव्ही-3 या रॉकेटच्या नमुन्यापाशी खिळले. जन्म रसायनांच्या कारखान्यात गेलेला, त्यामुळे घन इंधन हा त्यांचा प्रांत. ‘एकदा पेटलं की बंद करता येत नाही, बघ. मिश्रणात कुठे भेग राहिली तर संपलं.’ शेजारच्या मल्याळी कुटुंबालाही त्यांनी हिंदीत समजावलं. 18 जुलै 1980 ला याच रॉकेटने 35 किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, आणि तेव्हा इथल्या केंद्राचे संचालक आपले वसंत गोवारीकर होते, हे तर दोनदा. ते लोक माना डोलवत होते, किती कळलं कुणास ठाऊक.

उद्या पहाटे कन्याकुमारीची गाडी. पण आरएच-200 ही छोटी रॉकेटं अजून इथूनच सुटतात हे कळल्यापासून बाबांचं एकच टुमणं, पुढचं कधी आहे ते विचार, तिकिटं बदलू. आईला हे अजून सांगितलेलं नाही.