लोटलीच्या जुन्या घरात पाच पदार्थ, पाच वाईन

मासा असेल तर पांढरी वाईन आणि मटण असेल तर लाल, हा नियम गोव्याच्या जेवणापुढे टिकत नाही. आपल्याकडे मासा कधी एकटा येतोय? सोबत आमसूल असतं, तिरफळं असतात, माडाच्या सुरेचं व्हिनेगर असतं, वर मिरची. वाईन जुळवायची ती या आंबट-तिखटाशी. परवाच्या शनिवारी दक्षिण गोव्यातल्या लोटली गावी एका जुन्या घरात जेवले आणि हे मनोमन पटलं.

घर भाटकारांचं, म्हणजे जमीनदारांचं. लाल चिऱ्याच्या जाड भिंती, पुढे बाल्कांव म्हणजे बसायची ओसरी, आत लांबलचक सालो म्हणजे दिवाणखाना आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्या. चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांच्या कडा कापून त्या लाकडी पट्ट्यांत एकेक करून बसवलेल्या. काच महाग होती तेव्हाची ही पद्धत. त्यांतून येणारा संध्याकाळचा उजेड दुधट असतो, वाईनचा रंग त्यात नीट कळत नाही. म्हणून यजमानीणबाईंनी प्रत्येकापुढे पांढराशुभ्र रुमाल अंथरला होता. ग्लास त्यावर तिरका धरायचा आणि कडेचा रंग बघायचा. टेबल 12 जणांचं, त्यामुळे प्रत्येकाला प्रश्न विचारायला आणि यजमानीणबाईंना उत्तर द्यायला वेळ होता.

सुरुवात तिसऱ्यांच्या (शिंपल्यांतल्या माशांच्या) सुक्याने झाली, सोबत पोर्तुगालची विन्यो व्हेर्दे. हलकी, जिभेवर किंचित चुरचुरणारी आणि चांगलीच आंबट. माझ्या थोरल्या जाऊबाई वाईन घेत नाहीत, त्यांच्यासाठी प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळं सरबत होतं. पण इथे त्यांनी माझ्या ग्लासातला एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "अगं, आपण तिसऱ्यांवर लिंबू पिळतो, तेच काम करतेय ही." अगदी तेच. पदार्थ आंबट असेल तर वाईनचा आंबटपणा निदान तेवढा तरी हवा, नाहीतर ती पाणचट लागते.

मग रेशाद, म्हणजे लाल मिरचीचा आंबट मसाला, भरलेला बांगडा. इथे नाशिककडची, थोडी गोडसर शेनिन ब्लांक, ही पांढरी वाईन. माझ्या मते जेवणातली सर्वांत चांगली जोडी हीच. मिरचीवर जास्त अल्कोहोलची वाईन घेतली तर आग वाढते. थोडा गोडवा असेल तर ती निवते. तेलकट बांगड्यावर लाल वाईन घेतली की तोंडात लोखंडासारखी चव राहते, तेही इथे टळलं. काफ्रियालबरोबरची, म्हणजे हिरव्या मसाल्यातल्या कोंबडीबरोबरची, रोझे ही गुलाबी वाईन ठीक होती.

शागुती या मसालेदार रश्श्याबरोबर शिराझ ही लाल वाईन आली आणि टेबलावर दोन तट पडले. भाजलेलं खोबरं, खसखस, दगडफूल यांच्या खमंगपणाशी शिराझ सुरेख जुळते, यात वाद नाही. पण या शागुतीला मिरची सढळ होती आणि दुसऱ्याच घासाला वाईनचा तुरटपणा आणि तिखट एकमेकांवर चढले. मला मिरची कमी केलेली शागुती नको आहे. त्यापेक्षा वाईन बदलावी, कमी तुरट आणि थोडी गार द्यावी. यजमानीणबाईंनी हे वहीत लिहून घेतलं.

शेवटी बिबिंका. नारळाचं दूध, अंड्यांचा बलक, साखर, तूप, जायफळ. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची धग द्यायची, तो तांबूस झाला की पुढचा. कापल्यावर प्रत्येक थराची करपट-तपकिरी रेघ वेगळी दिसत होती. त्याबरोबर टॉनी पोर्ट, पिंपात मुरवलेली गोड वाईन. गोव्यात पर्यटक बाटल्याच्या बाटल्या नेतात ती गोड 'पोर्ट वाईन' वेगळी. ही दोरू नदीच्या खोऱ्यातली, ज्याच्या सीमा 1756 मध्ये आखून दिल्या गेल्या. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांची ब्रँडी घालतात, आंबणं थांबतं आणि साखर उरते. गोडाबरोबरची वाईन त्या गोडापेक्षा गोड हवी, ती अट ही पुरी करते. शिवाय लाकडी पिंपात मुरल्यामुळे येणारी सुक्या मेव्याची चव बिबिंकेच्या करपट रेघेशी थेट जाऊन मिळते.

एक उणीव मात्र मला बोचली. काजूची फेणी गोव्याची, 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि एवढ्या गोव्याच्या जेवणात तिचा थेंब नाही! निघताना यजमानीणबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मार्चात काजूचे बोंडू पिकले की या, सुरुवातीलाच उर्राक देते." उर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या वाफेची हलकी दारू. मी म्हटलं, तेव्हा सोबत सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, ती कोशिंबीर, ठेवा.