२२०० मधली दोन शून्ये: घनतेचा सामाईक तक्ता कुठवर आला

मागच्या नोंदीत कळवल्याप्रमाणे सातारा आणि सांगली या दोन्हीकडच्या मोजण्या एका तक्त्यात आणायला घेतल्या आणि काम पहिल्याच पानावर अडले. विहिरींच्या खोदकामातून निघालेल्या दगडांच्या पोकळ्यांतली खनिजे मी ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये नोंदवतो, तर सांगलीच्या स्नेह्यांची यादी किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आहे. रूपांतर म्हणावे तर एका ओळीचे: घनमीटरात दहा लक्ष घन सेंटिमीटर आणि किलोग्रॅममध्ये हजार ग्रॅम, म्हणून पहिल्या एककातला आकडा १००० ने गुणला की दुसऱ्यातला मिळतो. किलोग्रॅम प्रति लिटर, टन प्रति घनमीटर आणि मिलिग्रॅम प्रति घन मिलिमीटर यांत आकडा ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरचाच राहतो. ग्रॅम प्रति लिटरमध्ये मात्र तो किलोग्रॅम प्रति घनमीटरइतका होतो.

अडचण गुणाकारात नसून शून्यांत आहे. त्या यादीत जागोजागी २२०० असा आकडा आहे. तो २.२०० वरून आला असेल तर मोजणी उत्तम म्हणायची. पण तो २.२ वरून आला असेल तर खरी घनता २.१५ ते २.२५ यांच्यामध्ये कुठेही असू शकते. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट आणि नॅट्रोलाइट ही तिन्ही खनिजे त्या पट्ट्यात येतात आणि स्कोलेसाइटही त्याच्या वरच्या टोकाला टेकते, कारण त्याची घनता २.२५ ते २.२९ आहे. म्हणजे ज्या कामासाठी आपण घनता काढतो, ते खनिजाची ओळख पटवण्याचे काम त्या दोन शून्यांनी अशक्य करून टाकले. २.२ × १०³ असे लिहिले असते तर हा घोळ झालाच नसता, आणि यापुढे तक्त्यात तसेच लिहावे असा माझा आग्रह आहे.

दुसरा गुंता पाण्याचा. हवेतले वजन भागिले पाण्यात बुडवल्यावर वजनात आलेली घट, हे उत्तर विशिष्ट गुरुत्व असते आणि त्याला एकक नसते. घनता हवी तर त्याला त्या वेळच्या पाण्याच्या घनतेने गुणावे लागते. ४ अंशांना ती जवळजवळ १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर असते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ३० अंशांच्या पाण्याची ९९५.७ भरते. माझ्या हिरवट अपोफिलाइटचे कोरडे वजन १८.४२ ग्रॅम आणि पाण्यातले १०.५९, म्हणजे घट ७.८३ आणि भागाकार २.३५२. पाण्याची दुरुस्ती केल्यावर २.३४२ येते. अपोफिलाइटचा सगळा पट्टाच २.३३ ते २.३७ असल्याने हा फरक सोडून देण्याजोगा नाही. त्याच वेळी सोनाराच्या काट्याची अचूकता ०.०१ ग्रॅम आहे, त्यामुळे तिसऱ्या दशांशावर माझा भरवसा नाही आणि तक्त्यात २.३४ एवढेच जाईल. हा आकडा पट्ट्यात चोख बसला, याचे समाधान मोठे आहे.

साधनांबद्दल एवढेच सांगतो की प्लॅस्टिकचे मोजपात्र या कामाला निरुपयोगी आहे. लहान नमुन्यासाठी त्यावरच्या रेघा फारच विरळ पडतात. टांगायला मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा तांब्याच्या तारेपेक्षा सरस ठरतो, आणि पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकला की सुईसारख्या स्फटिकांच्या झुबक्यांत अडकलेली हवा बरीचशी सुटते.

सगळे नमुने पुन्हा तोलायचे असे मी ठरवले होते, पण हे लिहीत असतानाच त्याहून सोपी वाट सुचली. प्रत्येक बैठकीत त्याच पाण्यात काचेसारखा स्वच्छ क्वार्ट्‌झचा स्फटिकही तोलावा. नमुन्याच्या विशिष्ट गुरुत्वाला क्वार्ट्‌झच्या त्याच वेळी आलेल्या विशिष्ट गुरुत्वाने भागले आणि २.६५ ने गुणले, की पाण्याची घनता गणितातून आपोआप गळून पडते आणि तापमापकाचीही गरज उरत नाही. २.६५ च्या जागी २६५० घेतले तर उत्तर थेट किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये मिळते. पडताळणीसाठी कॅल्साइटचा एक भरीव तुकडा ठेवावा, तो २.७१ च्या आसपास आला नाही तर त्या दिवसाच्या मोजण्या तक्त्यात घेऊ नयेत.

म्हणून सांगलीकरांना विनंती अशी की घनतेचे तयार आकडे न पाठवता हवेतले वजन, पाण्यातले वजन आणि जुन्या नोंदींत असेल तर पाण्याचे तापमान, एवढेच काट्यावर दिसले तसे पाठवावे. एकके तक्त्यातल्या सूत्राने एकाच ठिकाणी बदलली जातील.